पेशंटनं स्वतः बोलावं

बोलता न येणाऱ्या माणसानं घशाच्या डॉक्टरचा नंबर फोनवर कसा लावावा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या कुणावर ही पाळी आली तर त्याला उपयोग व्हावा म्हणून लिहून राहिलो. ज्याचा आवाज गेलाय त्यानं हे मुकाट्यानं वाचावं. दुसरा इलाज बी न्हाई म्हणा त्याला.

मी चाकूरचा. नाव शिवलिंग, पण सगळे आप्पा म्हणतात. जनावरांच्या बाजारात दलाली करतो. आमच्या धंद्यात भाव तोंडानं सांगायची रीत न्हाई. खांद्यावरचा टावेल दोघांच्या हातांवर टाकायचा, आत एकमेकांची बोटं दाबायची, आणि वरून चेहरा असा ठेवायचा की बघणाऱ्याला वाटावं, ह्यांचं काही चाललेलंच न्हाई. पण भाव सोडला तर बाकी सगळा धंदा तोंडाचा. बैलाचा खांदा, चाल, वळण, त्याच्या आईचं दूध, सगळं ओरडून सांगावं लागतं. माझा आवाज बाजाराच्या ह्या टोकावरून त्या टोकाला जायचा. माझी बायको महादेवी म्हणायची, "ओ, मी चुलीपाशी उभी हाय, निलंग्यात न्हाई."

तो आवाज उन्हाळ्यात बसला. आधी वाटलं धुळीनं बसला असंल. मग घोगरा झाला, मग फाटला, आणि एक दिवस बाजारात मी तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. समोरचं गिऱ्हाईक म्हणलं, "आप्पा, कानात काय सांगून राहिले? सगळ्यांसमोर सांगा की."

मग घरोघरचे डॉक्टर सुरू झाले. कुणी हळद-दूध सांगितलं, कुणी ज्येष्ठमध, कुणी मिरे आणि मध. धर्माबादला दिलेली माझी मुलगी रोज फोन करून विचारायची, "बाबा, आज कसं वाटून राहिलं?" मी फोन कानाला लावून मान हलवायचो. शेजारच्या काकूंनी तर माझ्यासाठी माहूरच्या रेणुकेला नवस बोलून टाकला, आणि फेडायचा मी. माझ्या नावावर एवढा मोठा व्यवहार झाला आणि मला एक शब्द बोलता आला न्हाई.

शेवटी महादेवीनं मला ओढतच गावातल्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी बॅटरी मारून घसा बघितला, परत बघितला. मग बॅटरी खिशात ठेवून म्हणले, "आप्पा, लातूरला दाखवा. दुर्बीण घालून बघणारे डॉक्टर हायत तिथं. उशीर करू नका."

बाकी सगळं मी विसरलो असतो. ते 'उशीर करू नका' काही डोक्यातून जाईना. आमच्या बाजारातला एक दलाल असाच बसलेला आवाज घेऊन वर्षभर फिरला होता. तंबाखू त्याची बी होती, माझी बी होती. तो आता न्हाई. घरी येईपर्यंत मी त्याचाच विचार करत होतो, आणि महादेवी बी करत असंल, कारण ती वाटंत एकदा बी माझ्यावर चिडली न्हाई. ती चिडली न्हाई की मला काळजी वाटते.

फोन

लातूरसारखं गाव नसंल. गल्लीगल्लीत डॉक्टर व्हायला आलेली पोरं खोल्या करून राहतात, घोकून घोकून रात्रीचा दिवस करतात. अन् त्याच गावात डॉक्टरचा नंबर मिळेना. ह्या डॉक्टरांकडं नंबर लावायचा फक्त फोनवर, आणि तो बी सकाळी. मधल्या काळात म्हणे काही बहाद्दर लोक फोनवरून ढीगभर नंबर लावून ठेवायचे आणि नंतर गरजवंताला विकायचे. म्हणून दवाखान्यानं नियम केला होता: नंबर लावताना पेशंटनं स्वतः बोलावं.

घशाच्या दवाखान्याचा हा नियम. ज्यानं केला त्याला एकदा भेटायची माझी लई इच्छा हाय.

महादेवीनं फोन लावला. पलीकडं एक मुलगी होती, बोलायला गोड. "पेशंटला द्या," ती म्हणली.

"पेशंटला बोलता येत न्हाई," महादेवी म्हणली.

"हो, पण त्यांना द्या ना."

महादेवीनं फोन मला दिला. मी जीव एकवटून म्हणलो, "ख्ह्‌."

"हॅलो? हॅलो? काका, आवाज येत नाही तुमचा."

आता ह्यावर काय बोलावं? बोलता आलं असतं तर बोललो असतो. महादेवी बाजूनं ओरडली, "अगं बाई, आवाज येत न्हाई म्हणूनच तर नंबर पायजे!"

"काकू, रेंज नाहीये बहुतेक. मोकळ्यावर जाऊन बोलायला सांगा त्यांना." आणि फोन बंद.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर जाऊन उभा राहिलो. माझी अक्कल बघा. रेंज पुरी होती, आकाश मोकळं होतं, आणि मी फोनमध्ये फुंकर मारून राहिलो होतो. खालून शेजारच्या काकू महादेवीला विचारत होत्या, "आप्पा वर काय करून राहिले?" महादेवी म्हणली, "लातूरला बोलून राहिलेत."

तेवढ्यात खाजाभाई आला. खाजाभाई माझा धंद्यातला जोडीदार. आमची जोडी बैलांसारखीच, एक डावीकडं ओढतो, एक उजवीकडं, पण गाडी चालते. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे आप्पा, इत्तीसी बात! तू चुप बैठ. मैं तू बनके बात करतूं."

चुप बैठ म्हणे. मी दुसरं काय करून राहिलो होतो?

तिसऱ्या दिवशी सकाळी खाजाभाई आमच्या ओट्यावर मांडी घालून बसला आणि त्यानं फोन लावला. मुलगी म्हणली, "पेशंटला द्या."

"मैंच बोल रहा मॅडम! शिवलिंगआप्पा चाकूरवाले!" खाजाभाईनं बाजारातला आवाज लावला. आमच्या गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली.

"काय त्रास आहे?"

"आवाज बैठ गया मॅडम! दो महिने से! एक लफ्ज नै निकलता मुँह से! घरवाले परेशान हैं!"

 मग ती मुलगी म्हणली, "आप्पा, तुमचा आवाज आमच्या डॉक्टरांपेक्षा खणखणीत आहे. तातडीचं काही वाटत नाही. तुम्ही असं करा, दिवाळीनंतर फोन करा."

खाजाभाईनं फोन ठेवला. माझ्याकडं बघितलं, महादेवीकडं बघितलं.

"भाभी," तो हळूच म्हणला, "जरा ज्यादाच अच्छा बोल गया मैं."

मला हसू बी आलं आणि रडू बी. दिवाळी लई लांब होती. तोपर्यंत माझ्या घशात जे काही वाढत होतं ते काय कॅलेंडर बघून थांबणार होतं? महादेवी आत गेली आणि पिशवी भरून बाहेर आली. "उठा," म्हणली. "फोनवर न्हाई दिसत ना आजार? मंग समोर नेऊन उभा करते. बघू दे कोण हाकलतंय."

टावेल

आम्ही तिघं एसटीनं लातूरला गेलो. दवाखान्यात ही गर्दी! पण बाजारात असती तशी न्हाई. एवढी माणसं आणि आवाज म्हणून न्हाई. सगळे घशाचे पेशंट. कुणी हातवारे करतंय, कुणी कुजबुजतंय, एक बाई खुणेनं आपल्या नवऱ्याला झापून राहिली होती आणि त्याला सगळं समजत होतं. मला वाटलं, लातुरात एवढी शांत जागा दुसरी नसंल.

टेबलापाशी कंपाउंडर. नागनाथ नाव त्याचं, उदगीरकडचा. एका कानाला फोन, दुसऱ्या हातानं पंखा बंद-चालू करून राहिला होता. मी मोबाईलवर लिहून दाखवलं, 'आवाज गेलाय, उशीर करू नका म्हणले.' तो म्हणला, "चष्मा घरी राहिला, तोंडानं सांगा." महादेवी बोलायला गेली तर म्हणला, "काकू, थांबा, फोन चालू हाय. नंबर न्हाई तर आज न्हाई."

आता मी पुढं जे केलं ते का केलं, मला बी ठाऊक न्हाई. सवयीनं झालं म्हणा. समोर एक माणूस 'न्हाई' म्हणून राहिला होता, आणि जन्मभर असं कुणी 'न्हाई' म्हणलं की मी एकच गोष्ट केली हाय. मी त्याचा पंख्याच्या बटणावरचा हात धरला, खांद्यावरचा टावेल वर टाकला आणि आत त्याचं एक बोट दाबलं. आजचा एक नंबर पायजे.

नागनाथ चमकला. मला वाटलं आता हात झटकंल. पण त्याच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू कुठल्या कुठं गेला. फोन कानालाच ठेवून त्यानं टावेलाखाली माझी चार बोटं धरली आणि हलवली; हलवलं की एका बोटाचे दहा. चाळीसावा. त्याचा बाप बी जनावरांच्या बाजारातला होता, हे मला मागून कळलं. त्या वक्ताला एवढंच कळलं की ह्या हाताला भाषा येते.

मग काय, सौदा सुरू. मी चाळीस मोडून वीस मागितले. त्यानं तीसवर आणलं. मी मान वळवून भिंतीवरच्या घशाच्या चित्राकडं बघत राहिलो, जसं काही मला ह्यात रसच न्हाई. तो तिकडं फोनवर "हो मॅडम, हो मॅडम" करून राहिला होता. खरं सांगतो, दोन महिन्यांत पहिल्यांदा मला कुणाशी तरी धड बोलल्यासारखं वाटलं.

पंचविसावर आलो असू, तेवढ्यात मागून एक म्हातारबा उठले. त्यांचा आवाज बसला होता, पण डोळे चांगले होते. काठी आमच्याकडं रोखून ते जेवढं जमंल तेवढं ओरडले, "टावेलाखाली काय देऊन राहिला रे तू त्याला?"

झालं! सगळा दवाखाना उठला. पण आवाज कुणालाच न्हाई. असं भांडण मी जन्मात बघितलं न्हाई. वीस-पंचवीस माणसं तोंडं उघडून, मुठी आवळून, कुजबुजत भांडून राहिलेली. ती खुणेनं झापणारी बाई सगळ्यांत पुढं. नवऱ्याला सोडून आता मला झापून राहिली होती. मी टावेल झटकून दाखवला, हात रिकामे दाखवले, खिसा उलटा करून दाखवला. त्यातून तंबाखूची डबी खाली पडली आणि सगळे त्या डबीकडं असे बघायला लागले की आता हाच पुरावा.

महादेवी मध्ये पडली. "चोर न्हाईत ओ ते, दलाल हायत!" म्हणली. त्यानं काही फायदा झाला न्हाई. खाजाभाई म्हणला, "अरे भाई, ये लोगां नंबर का भाव कर रहे थे!" त्यानं तर आणखीच वाटोळं केलं.

आतून डॉक्टर बाहेर आले. तरणे होते, डोक्याला तो आरसा लावलेला. "काय चाललंय?" त्यांनी विचारलं. नागनाथ खाली मान घालून उभा. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. "तुम्ही सांगा."

मी तोंड उघडलं. हवा आली.

"किती दिवस झाले?" त्यांचा सूर एकदम बदलला. महादेवीनं दोन बोटं दाखवली. आता सगळेच बोटांवर आले होते. "दोन महिने," ती म्हणली. "आणि तुमच्या फोनवरची मुलगी म्हणते दिवाळीनंतर या."

डॉक्टर रांगेकडं वळून म्हणले, "ह्यांना आज बघणार. पण सगळ्यांच्या शेवटी." मग नागनाथाला म्हणले, "आणि तू दोन्ही हात टेबलावर ठेव."

म्हातारबांनी काठी खाली घेतली. शेवटी म्हणल्यावर कुणाचीच तक्रार उरली न्हाई. थोड्या वेळानं त्यांनीच मला आपल्या शेजारी सरकून जागा दिली आणि खुणेनं विचारलं, बैल हाय का एखादा चांगला?

दुर्बीण

आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू खाता?"

"खातेत," महादेवी म्हणली.

"किती वर्षं?"

"लग्नाच्या आधीपासून. माझ्या बापाला सांगितलं नव्हतं."

"काकू, जरा पेशंटला उत्तर देऊ द्या."

"त्याच्यासाठीच आलोत डॉक्टरसाहेब," ती म्हणली.

नळी नाकातून आत गेली. डॉक्टर म्हणले, "ई म्हणा." माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ई काही आली न्हाई. समोरच्या टीव्हीवर माझाच घसा दिसून राहिला होता. आयुष्यभर ज्याच्यावर पोट भरलं ती जागा मी पहिल्यांदा बघितली. आणि तिथं एका बाजूला बसलेली गाठ बी बघितली. ज्वारीच्या दाण्याएवढी.

महादेवीनं एकदम विचारलं, "कॅन्सर हाय का?"

ती दमडीची गोष्ट बी दहा वळणं घेऊन विचारते. हे मात्र तिनं सरळ विचारलं. डॉक्टरांनी बी सरळ सांगितलं, "दिसायला साधी वाटते. पण दिसण्यावर मी बोलणार नाही. काढू, तपासायला पाठवू, मग सांगीन."

मला ते पटलं. दात बघितल्याशिवाय बैलाचं वय मी बी सांगत न्हाई. पण बैलाचं वय आणि स्वतःचं, ह्यात लई फरक हाय.  मी टावेल मांडीवर पसरून घेतला, आणि त्याच्याखाली माझंच एक बोट दाबून धरलं.

ऑपरेशन झालं. त्याचं फार सांगण्यासारखं न्हाई, झोपवलं आणि उठवलं. दवाखान्यात उठवायचंच काम जास्त. सकाळी झाडूवाली उठवते, मग ताप बघायला सिस्टर उठवते, मग चहावाला उठवतो, आणि मग डॉक्टर येऊन विचारतात, झोप लागली का? मला बोलायची बंदी होती म्हणून ते वाचले.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "आठवडाभर एक शब्द नाही. कुजबुज तर मुळीच नाही, तिनं जास्त ताण पडतो. खोकू नका, खाकरू नका. आणि तंबाखू आता कायमची बंद." डबी महादेवीनं आधीच कुठं फेकली, मला अजून ठाऊक न्हाई.

ते दिवस लई जड गेले. पाणी पायजे, चहा पायजे, पंखा लाव, एवढं मोबाईलवर लिहिता येतं. पण मला काय वाटून राहिलं होतं ते लिहायला बोट उठत नव्हतं. बघायला येणारे माझ्याशी मोठ्यानं बोलायचे, जसं काही कान गेलेत. खाजाभाई रोज यायचा, बाजाराची सगळी हकीकत सांगायचा आणि जाताना म्हणायचा, "आज तू लई अच्छा बोला आप्पा." महादेवी दिवसभर कामाला लागलेली. घासलेली भांडी परत घासायची. भाकरी करताना पाठ माझ्याकडं. आम्ही दोघं एका घरात होतो आणि दवाखान्यात तिनं विचारलेल्या त्या एका शब्दाला वळसा घालून सगळ्या घरभर फिरून राहिलो होतो.

मग एका सकाळी दवाखान्याचा फोन आला. महादेवीनं पिठाच्या हातानंच उचलला, स्पीकर लावला. तीच मुलगी.

"शिवलिंगआप्पांचा रिपोर्ट आलाय. पेशंटला द्या. रिपोर्ट पेशंटलाच सांगायचा असतो."

महादेवी तिच्यावर ओरडली न्हाई. रडवेल्या आवाजात म्हणली, "बाई गं, तुमच्याच डॉक्टरनं त्यांना बोलायची बंदी केली हाय. तू सांग. कायबी असू दे, सांग."

पलीकडं कागदाचा आवाज आला. मग ती मुलगी म्हणली, "आप्पा समोर आहेत का? मी म्हणते ते ऐकू येत असेल तर टाळी वाजवा."

मी टाळी वाजवली.

"साधी गाठ आहे आप्पा. कॅन्सर नाही."

मी परत टाळी वाजवली. मग परत. मग मला थांबताच येईना. महादेवी पिठाचे हात तोंडावर दाबून खाली बसली होती, आणि मी आरतीला उभा राहिल्यासारखा टाळ्या वाजवून राहिलो होतो. फोनवरची मुलगी म्हणत होती, "आप्पा, समजलं, समजलं. एकदाच वाजवायची होती."

पहिला शब्द

बंदी उठायच्या दिवशी घरात लग्न असल्यासारखी गडबड. पहिला शब्द काय बोलायचा ह्यावर सगळ्यांची मतं. मुलगी फोनवरून म्हणली, देवाचं नाव घ्या. शेजारच्या काकू म्हणल्या, रेणुकेचं घ्या, नवस तिच्याकडं हाय. खाजाभाई मोबाईल धरून समोर उभा, व्हिडिओ काढायला. "आप्पा, बाजार में सबकू दिखाना है. अच्छा बोल."

मी 'शिव शिव' म्हणायचं ठरवलं होतं. आदल्या दिवसापासून मनात घोळवलं होतं. पाणी प्यालो. तोंड उघडलं. समोर महादेवी बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. तिचे डोळे सुजलेले होते. रिपोर्ट चांगला येऊन चार दिवस झाले होते, तरी सुजलेलेच.

आवाज आला. बारीक, घासलेला, बाजारात चालणार न्हाई असा. चुलीपर्यंत पुरंल एवढाच. पण देवाचं नाव बाजूलाच राहिलं.

"लई भ्यालो होतो गं," मी म्हणलो.

खाजाभाईचा मोबाईल खाली आला.  महादेवीनं माझ्याकडं बघितलं. आधी तिचा ओठ हलला, मग डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ती अशी चिडली, अशी चिडली की इतक्या महिन्यांत चिडली नव्हती.

"मंग तवाच सांगायचं न्हाई का मला?" ती म्हणली. "मी आपली एकटीच भिऊन राहिले होते की!"